ठसका न लागलेली दृष्ट

“आजून दोन मिरच्या आण गं,” आत्ती म्हणाल्या. “ह्या दोनांनी काय हुतंय!”

मी डब्यातून दोन लाल मिरच्या काढून दिल्या. आत्तींनी मूठ पुन्हा एकदा बाळावरून उतरवली आणि गॅलरीतल्या शेगडीवर मीठ, मोहरी, मिरच्या सगळं एकदम सोडून दिलं. मोहरी तडतडली, मिरच्या काळ्या पडल्या, धूर वर आला. आम्ही दोघी सासू-सुना त्या धुरात नाक खुपसून उभ्या राहिलो.

“येतोय का वास?”

“नाही, आत्ती.”

“मलाबी न्हाई.” त्यांचा चेहरा उतरला. “लई जबर दृष्ट हाय म्हनायची.”

आमच्या विट्याला सासूला आत्ती म्हणतात. माझं माहेर सोलापूरचं, त्यामुळे ही हाक माझ्या तोंडात बसायला वर्ष गेलं. दृष्टीचं शास्त्र मात्र दोन्हीकडे एकच. दृष्ट नसली तर मिरच्यांच्या धुराने माणसाला उभं राहवत नाही, आणि असली तर वासच येत नाही. आत्तींचा ह्यावर पक्का भरवसा होता. शंका काढायला मी काही त्या घरची लेक नव्हते.

“पन पोराला बघितलं कुनी?” आत्ती कमरेवर हात ठेवून म्हणाल्या. “बारशाला बाहेरचं कुत्रं फिरकलं न्हाई. गल्लीच्या तोंडाला बांबू लावलाय. दृष्ट लावली तर लावली कुनी?”

“मला काय माहीत, आत्ती.”

“तुझ्या मावशीनं परवा मोबाईलमधनं बघितलं न्हवं?”

“व्हिडिओ कॉलवरून दृष्ट लागते का?”

“डोळं तिचंच हुतं न्हवं?” असं म्हणून त्या स्वतः स्वयंपाकघरात गेल्या आणि मूठभर मिरच्या घेऊन आल्या. मावशीच्या नावाने त्या सगळ्या निखाऱ्यात गेल्या. डोळे जरासे चुरचुरले, पण वास म्हणाल तर नावाला नाही.

तेवढ्यात खालून आरडाओरडा सुरू झाला. आमच्या घराच्या तळमजल्यावर यंत्रमाग आहेत, मागच्या बाजूला थोरल्या जाऊबाई राहतात, वर आम्ही. जाऊबाई, म्हणजे सरोजवहिनी, पदर तोंडाला लावून अंगणात आल्या होत्या आणि खोकून खोकून त्यांचे डोळे लाल झाले होते. त्यांच्या मागून भावोजी, मागून माझे यजमान धनंजय, सगळे खोकत. शेजारच्या गॅलरीतून कासारकाकूंचा खोकला ऐकू आला, आणि पलीकडच्या घराच्या खिडक्या धडाधड बंद झाल्या. कोरोनाच्या त्या काळात एक माणूस खोकला तरी गल्ली हादरायची. इथे तर अख्खी गल्ली खोकत होती.

“आत्ती, अहो काय पोतं जाळलं का मिरच्यांचं?” वहिनी ओरडल्या.

“तुला येतोय वास?” आत्तींनी वरून विचारलं.

“वास? जीव चाललाय हितं!”

आत्ती माझ्याकडे बघायला लागल्या. मी त्यांच्याकडे. खालून वहिनींचा आवाज एकदम खाली आला. “आत्ती, हिंगाची डबी हुंगून बघा बरं. रसिका, तूपण बघ.”

हिंगाची डबी आधी त्यांनी हुंगली, मग मी. मग त्यांनी परत माझ्या हातून घेऊन हुंगली. मग आत्ती हळूच तिथेच खाली बसल्या आणि पदराने तोंड झाकून घेतलं. “आगं बया,” म्हणाल्या, “ही दृष्ट न्हवं. त्ये आलंय.”

दुसऱ्या दिवशी तपासणी झाली. आम्ही दोघी पॉझिटिव्ह, धनंजय, खालचे सगळे आणि बाळ निगेटिव्ह. आम्हाला ताप किरकोळच होता, आत्तींना थोडी अंगदुखी. आम्हाला घरीच वेगळं राहायला सांगितलं, धनंजयने खाली वहिनींकडे बिछाना टाकला. डॉक्टर निकम मॅडमनी माझं बाळंतपण केलं होतं. त्यांचा फोन आला. त्या म्हणाल्या, “रसिका, मास्क लावून, हात धुऊन तू बाळाला पाजू शकतेस, काही हरकत नाही. घरच्यांना भीती वाटत असेल तर थोडे दिवस खाली वहिनींकडे ठेवलं तरी चालेल. तुला काय वाटतं?”

“खाली ठेवा,” मी म्हणाले. त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं.

बाळाला न्यायला वहिनी हातमोजे, मास्क, डोक्याला रुमाल अशा जय्यत तयारीने जिन्यापर्यंत आल्या. आत्तींनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पायरीवर ठेवलं, मागे सरकल्या, मग वहिनींनी उचललं. आत्तींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धनंजय खाली उभा राहून मला हातानेच ‘काळजी करू नकोस’ असं सांगत होता. मी मान हलवली, खोलीत आले, आडवी झाले आणि झोपून गेले. बाळ झाल्यापासून मला तशी झोप लागली नव्हती.

आता खरं काय ते सांगते. त्या वेळी ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, असं ठरलं होतं. पण जिल्ह्याच्या हद्दी बंद झाल्या, आणि माझ्या दिवसांतच सोलापूरला वडील आजारी पडून दवाखान्यात गेले. आई त्यांच्यापायी अडकली. दवाखान्यात माझ्याबरोबर आत कुणाला सोडलं नाही. सगळ्या नर्स डोक्यापासून पायापर्यंत झाकलेल्या. बाळ हातात दिलं तेव्हा सगळे सांगत होते की आता कळा विसरशील. मी कळा विसरले नाही. मी त्या लाल तोंडाकडे बघत राहिले आणि मला वाटलं, हे कुणाचं आहे, ह्याला कुणी तरी घेऊन जा. मी स्वतःला म्हटलं, दमलीयेस, उद्या होईल बरं. उद्याही नाही झालं, परवाही नाही.

वरून मी सगळं व्यवस्थित करत होते. पाजत होते, लंगोट बदलत होते, आत्ती अंगाला तेल लावायच्या तेव्हा निमूट बसत होते. मालिशवाल्या बाईला गल्लीत यायला बंदी होती, म्हणून तेल, शेक, धुरी, न्हाणं सगळं आत्ती स्वतः करायच्या. लोक म्हणत, सासू म्हणावी तर अशी! ते ऐकून मला आणखीनच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं, कारण ज्याच्यासाठी एवढं चाललं होतं त्याच्याबद्दल मला काहीच वाटत नव्हतं. उलट त्याला घेऊन जिन्यात उभी राहिले की वाटायचं, हा आता माझ्या हातून पडणार. मग मी जिना उतरणंच सोडलं. आणि कधीकधी भर दुपारी, खाली माग खडखडत असताना, मनात यायचं की आपण नसतो तर ह्या सगळ्यांचं छान चाललं असतं. तो विचार आला की मला बरं वाटायचं. ह्या बरं वाटण्याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

तर बाळ खाली गेलं आणि मी सुटले. वर आम्ही दोघीच, आणि आत्तींना तर नुसती तोंडाची चव गेल्याचं दुःख.

“भाकरी खातीय का पुठ्ठा, काय कळंना,” त्या म्हणायच्या, आणि तिखट चटणीचा गोळा तोंडात टाकून वाट बघत बसायच्या. “लागलं का?” मी विचारायची. “न्हाई गं. पैसं वाया.” आम्ही जुन्या साड्यांची दुपटी शिवत बसायचो. आत्तींनी सगळ्या गल्लीची कुंडली मला त्या दिवसांत सांगितली. कोण कुणाशी का बोलत नाही, कासारकाकूंचे यजमान तरुणपणी कसे होते, सगळं. मी मनापासून हसलेही एकदोनदा.

पण रोज सकाळी वहिनी बाळाला अंगणात आणायच्या आणि उंच धरायच्या. “आज्जी बघा! आई बघा!” आत्ती गॅलरीत धावायच्या, टाळ्या वाजवायच्या, वरूनच त्याच्याशी बोबडं बोलायच्या. मी आत उभी राहायची, भिंतीला टेकून. खाली तो रडला की माझा ब्लाउज भिजायचा. माझ्या अंगाला कळत होतं की माझं बाळ रडतंय. मला मात्र कानांवर उशी दाबून घ्यावीशी वाटायची. वहिनींनी एकदा हाक मारली, “अगं रसिका, तोंड तर दाखव पोराला!” मी आतून म्हणाले, “ऊन लागतंय डोळ्यांना.” त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं.

आत्ती दुपट्याला टाके घालत राहिल्या.

मुदत संपत आली तशी आत्तींची घाई सुरू झाली. पाळण्याची दोरी बदलायची, खोली फिनेलने पुसून काढायची, वरचेवर धुरी द्यायची. त्या जितक्या आनंदात, तितकं मला जेवण उतरेना. अंघोळीला गेले की बाहेर यावंसं वाटेना.

आरोग्य केंद्राच्या आशाताई रोज गल्लीतून हाक मारून आमची चौकशी करायच्या. त्या सकाळी त्या खालून म्हणाल्या, “काय आत्ती, झालं की आता! उद्यापासून मोकळ्या. रसिका, बाळाला घे वर. काही त्रास नाही ना?”

“ताई, मला अजून कणकण आहे,” मी गॅलरीच्या दारातून म्हणाले. “खोकलाही आहे. अजून आठवडाभर राहू दे त्याला खाली.”

आत्तींनी वळून बघितलं. त्या उठल्या, माझ्याजवळ आल्या आणि हाताची पालथी बाजू माझ्या गळ्याला लावली. माझं अंग गार होतं. आत्ती काही बोलतील आणि मी उघडी पडेन, म्हणून मी मुद्दाम खोकून दाखवलं.

आत्तींनी गॅलरीतून खाली वाकून सांगितलं, “ताई, उद्याचं उद्या सांगती. तुमी व्हा म्होरं.” मग दार लावून घेतलं, मला हाताला धरून पलंगावर बसवलं आणि समोर खाली फरशीवर बसल्या.

“ताप न्हाई तुला,” त्या म्हणाल्या.

मी उशीचा अभ्रा सरळ करायला लागले.

“पोर खाली नेताना आई रडती. तू झोपलीस. मी म्हनलं, दमली आसंल. रोज सकाळी पोर अंगनात येतं, तू भिताडाला चिकटून हुबी ऱ्हातीस. मी म्हनलं, लाजत आसंल, मोठ्या जावंच्या हातात पोर बघून वाईट वाटत आसंल. आज तू ताप हाय म्हनलीस. आता मला काय म्हनायला येईना झालंय, रसिका. आता तूच सांग.”

“मला तो वर नकोय, आत्ती.”

माझ्या तोंडून ते निघालं आणि मला वाटलं, आता संपलं. आता ह्या उठतील, धनंजयला बोलवतील, सोलापूरला फोन करतील.

“का गं?”

“मला त्याचं काहीच वाटत नाही. काहीच म्हणजे काहीच नाही. तुम्हाला सगळ्यांना वाटतं, मला नाही. मी आई नाहीच त्याची. मी आत कुठेतरी मोडलेली आहे. त्याला घेतलं की वाटतं, मी ह्याला पाडेन. माझ्या हातात तो नको. मी इथे नसलेलीच बरी.”

“निघून जावं वाटतं?”

“हो.”

“कुटं?”

आत्तींनी माझा चेहरा बघितला, आणि त्यांनी जे विचारलं ते विचारायला त्या काळात आमच्या घरात दुसरं कुणीच धजलं नसतं.

“मरावं वाटतं?”

“कधीकधी.”

आत्तींनी माझं मनगट धरलं. जोरात धरलं. त्यांच्या बांगड्या माझ्या हाडाला टोचत होत्या आणि त्या सोडत नव्हत्या. मी रडायला लागले. हुंदके देऊन, नाक वाहेपर्यंत रडले. त्यांनी मला गप्प हो असं म्हटलं नाही. पाठीवरून हातही फिरवला नाही. नुसतं मनगट धरून बसल्या.

माझे हुंदके ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “माझी थोरली भन हुती, यसूअक्का. लेक झाला आन् ती अशीच झाली. पोराकडं बघंना. खाईना. एक दिवस पोराला हौदाच्या कट्ट्यावर ठिवून तशीच निघून गेली, मैलभर लांब सापडली. कुनी म्हनलं बाहेरचं हाय, कुनी म्हनलं येड लागलं. दृष्ट काढली, अंगारं लावलं, लिंबं कापली. मग सासरच्यांनी म्हायेरी आनून सोडली आन् दुसरी केली. अक्का आमच्या मागच्या खोलीत ऱ्हायली ती मरंपतुर. वर्सा-दीड वर्सात ती पार बरी झाली हुती, रसिका. चांगली शानी बाई. सैपाक करायची, पोथी वाचायची. पन ‘येडी’ म्हनून जे नाव पडलं ते पडलं. तिचा लेक मोठा हून एकदा आला हुता कुनाच्या लग्नाला. तिनं वळखला. त्यानं न्हाई वळखलं.”

आत्तींनी डोळे पुसले नाहीत. त्या रागावल्या होत्या. एवढ्या वर्षांनीसुद्धा त्या रागावलेल्या होत्या.

“आपल्या दोघींच्या नाकाचा वास गेला,” त्या म्हणाल्या. “मी तुला म्हनलं का, रसिका, तुझं नाक वाईट चालीचं हाय म्हनून? तू मला म्हनलीस? आजार हाय, म्हनून गेला. कुनी बोल लावला न्हाई. मग माया गेली तर तुलाच का बोल? तीबी आजारानंच गेली आसंल. फोन लाव त्या निकमबाईला.”

“मला नाही बोलता येणार, आत्ती.”

“तू लाव नुसता. बोलती मी.”

आणि बोलल्या. फोन स्पीकरवर ठेवून, समोर बसून, एकही शब्द गाळला नाही. “डॉक्टरीणबाई, माझ्या सुनंला पोराची माया वाटंना झालीया. मरावं वाटतंय तिला कधीकधी. माझ्या भनीला आसंच झालं हुतं. हे आजाराचं हाय का न्हाई, ते मला आदी सांगा.”

पलीकडून निकम मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “आजाराचंच आहे, आत्ती. बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना होतं. ह्या वर्षी तर माहेर नाही, माणूस नाही, भीती सगळीकडे. बरं होतं हे, औषध आहे त्यावर. रसिका, ऐकतेयस ना?”

“हो.”

“तू वाईट आई नाहीस. तू आजारी आहेस. आज आत्तींना सोडून एकटी राहू नकोस. संध्याकाळच्या आत मी सांगलीच्या मनोविकारतज्ज्ञ मॅडमशी तुझं व्हिडिओवर बोलणं करून देते.”

फोन ठेवल्यावर आत्ती उठल्या. मला वाटलं, पाणी प्यायला चालल्या. त्या गॅलरीत गेल्या.

“धन्या! ए धन्या! सरोज!”

धनंजय मागावरून हात पुसत अंगणात आला. वहिनी बाळाला खांद्यावर घेऊन आल्या. कासारकाकू त्यांच्या गॅलरीत वडी वाळत घालत होत्या, त्यांचाही हात थांबला.

“उद्या पोर वर येनार न्हाई,” आत्तींनी सांगितलं. “थोडं दिवस खालीच. रसिकाला बरं न्हाई.”

“ताप आलाय?” धनंजय घाबरला.

“ताप न्हाई. मनाला बरं न्हाई. बाळंतपनानंतर हुतं तसलं. डॉक्टरला सांगितलंय, औशिद चालू हुतंय.”

मी आत मेल्यासारखी झाले. ज्या काळात लोक साधा खोकलासुद्धा शेजाऱ्यांपासून लपवत होते, त्या काळात आमच्या आत्तींनी माझं मन भर गल्लीत उघडं करून ठेवलं होतं. मी दाराआडून बघत होते. आता काय होतंय, कोण काय बोलतंय. काहीच झालं नाही. कासारकाकूंनी उरलेली वडी घातली. वहिनींनी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि म्हणाल्या, “मग ऱ्हाऊ द्या की. माझ्या पोरींनी त्याला हवाली करायला कुठं तयारी दाखवलीय? दिवसभर त्याच्यावरनं भांडतात.”

धनंजय मात्र तसाच उभा राहिला. मग जिन्याच्या मधल्या पायरीपर्यंत आला आणि खाली बसला. “रसिका, तू मला का नाही सांगितलंस?”

“तिला तरी काय ठावं, काय सांगायचं ते?” आत्तींनीच उत्तर दिलं. “रडू नगं तितं बसून. जा, माग बंद करून औशिद आनायची तयारी कर.”

सांगलीच्या डॉक्टर मोबाईलच्या पडद्यावर छोट्याशा दिसायच्या आणि नेटवर्क गेलं की तोंड उघडं ठेवून थिजून बसायच्या. त्यांच्याशी बोलताना आत्ती पलंगाच्या दुसऱ्या टोकाला बसून दुपटं शिवायच्या. डॉक्टर म्हणाल्या, “तुम्हाला एकटीने बोलायचं असेल तर त्यांना बाहेर जायला सांगू का?” मी म्हणाले, “नको. त्यांना सगळं माहीत आहे.” हे वाक्य उच्चारताना मला केवढं हलकं वाटलं, ते आजही आठवतं. गोळ्या सुरू झाल्या. त्यांनी आठवड्याभरात जादू होणार नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि झालीही नाही. सोलापूरला आईला आत्तींनीच फोन करून सांगितलं. आई रडायला लागली तेव्हा तिलाही दरडावलं, “विहीनबाई, रडायचं आसंल तर फोन ठिवून रडा. पोरीशी बोलताना हसून बोला.” वडील बरे होऊन घरी आले होते. हद्दी उघडल्या तशी आई येऊन चार दिवस राहिली. तिला परत जावं लागलं. आत्ती राहिल्या.

मग डॉक्टरांनी सांगितलं, बाळाला थोडा थोडा वेळ वर आणा. रसिकाला जमेल तेवढाच वेळ. जबरदस्ती नको. पहिल्या दिवशी आत्तींनी त्याला माझ्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसल्या. “नगं वाटलं की मला नुसतं ‘घ्या’ म्हन. का, कशाला, काय विचारनार न्हाई.”

मी त्याच्या कानाची पाळी बघेपर्यंतच तग धरला. “आत्ती, घ्या.”

त्यांनी लगेच घेतलं. ‘एवढ्यात?’ म्हणाल्या नाहीत. तोंड वाकडं केलं नाही, की उसनं हसल्याही नाहीत. घेतलं आणि खाली दिलं.

असं रोज. कधी मी त्याचा लंगोट बदलून होईपर्यंत टिकायची, कधी दारातूनच नको म्हणायची. एकदा आठवडाभर चांगलं चाललं आणि मग एका सकाळी तो नुसता रडला तर मला पुन्हा सगळं काळं झालं. मी “घ्या, घ्या” म्हणून ओरडले आणि न्हाणीत जाऊन बसले. आत्ती बाळाला घेऊन न्हाणीच्या दाराबाहेर पाट टाकून बसल्या आणि मोठ्याने त्याला कासारकाकूंच्या यजमानांची गोष्ट सांगायला लागल्या. ती मी आधी ऐकलेली होती. ह्या वेळी त्यात आणखी दोन भानगडी वाढल्या होत्या. आतमध्ये मला हसू फुटलं. आत्तींनी बाहेरून विचारलं, “उघडती का दार, का फुडची गोष्टबी हितनंच ऐकती?”

आज माझा मुलगा शाळेत जातो. आत्ती त्याच्याशी भांडतात, तो त्यांची पानसुपारी लपवतो. लोक मला विचारतात, तुझं सासूशी एवढं कसं गं जमतं? मी हसते आणि म्हणते, आम्ही दोघी एका खोलीत कोंडलेल्या होतो ना, म्हणून. खरं उत्तर सांगायला लागले तर मला बोलता येत नाही. आई होण्याआधी मला ह्या बाईने पुन्हा माणसात आणलं. त्याचे उपकार फेडायचा विचारही मी करत नाही. एवढं मोठं देणं फेडायला निघणं हाच उद्धटपणा होईल.

एक दुपार मात्र सांगते. दिवाळी होऊन गेली होती, ऊन तिरपं होऊन खोलीत आलं होतं. बाळ माझ्या मांडीवर होतं. त्याने माझ्या केसांची एक बट मुठीत धरली होती आणि ती तोंडात घालायची का नाकात, हे काही त्याचं ठरत नव्हतं. तो फार गंभीर होऊन विचार करत होता. त्याच्या कपाळाला ह्या विचाराने आठी पडली होती. ती आठी मी ओळखली. ती माझ्या वडिलांची होती. वडील हिशेबात चुकले की त्यांना अशीच पडते. मला एकदम वाटलं की हे त्यांना सांगायला हवं.

समोर बसलेल्या आत्तींनी सवयीने दोन्ही हात पुढे केले. रोजची वेळ उलटून कितीतरी पुढे गेली होती.

“राहू दे, आत्ती,” मी म्हणाले. “असू दे माझ्याजवळ.”

त्यांनी हात तसेच ठेवले. नीट ऐकलं की नाही असं माझ्याकडे बघितलं.

“ऱ्हाऊ दे?”

“हो. तुम्ही जा.”

“जाऊ?”

“जा ना. मी आहे.”

आत्तींनी हात मागे घेतले. गुडघ्यांवर जोर देऊन उठल्या, पलीकडच्या खोलीत गेल्या आणि मला त्यांनी चटई पसरल्याचा आवाज आला.

“मग मी जरा डोळा लावती गं,” त्या तिकडून म्हणाल्या. “तू ‘मरावं वाटतंय’ म्हनलीस न्हवं, त्या दिसापासनं मी दुपारची झोपल्याली न्हाई.”

मी उत्तर द्यायच्या आत त्या घोरायला लागल्या होत्या.